केटलसन यांचे एकविसावे मत

मी, वर्ना कोस्टेल्निक, वय वर्षे शेहेचाळीस, अविवाहित, राहणार १४ टॅमरॅक रस्ता, फोर्ट अ‍ॅन्सली, या राज्याच्या सिनेटची कार्यवृत्त लेखनिक, असे लिहून ठेवते की आज रविवारी दुपारी मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि कोणी मला भरीस घातलेले नाही. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलता येत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे का, अशी शंका कलम ५ वाचून कोणाला आली तर त्याने ती जरूर घ्यावी. मी स्वतः जवळजवळ सात आठवडे घेत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी धाकटी बहीण थिया राइस हिने करावी. थिया, तू म्हणशील, "ताई, दुसरं कोणी मिळालं नाही का?" नाही मिळालं.

कलम २. टॅमरॅक रस्त्यावरचे घर थियाला. मागच्या दाराची दुसरी पायरी कुजली आहे, तिच्यावर पाय देऊ नये. अक्रोडाच्या रोलची पोळी जिच्यावर लाटायची ती आईची मोठी चादर थियाने आईच्या दिवसांनंतर "चार दिवसांसाठी" नेली, त्याला आठ वर्षे झाली. माझ्या रोजनिशीत तशी नोंद आहे. ती नोंद मी रद्द करते, चादर तिची.

कलम ३. बँकेतली शिल्लक थियाला. तिच्यातून आधी एक दगड घ्यावा. कोणता, ते कलम ७ मध्ये येईल.

कलम ४. माझ्या कामाच्या वस्तू म्हणजे तारखेचा शिक्का, लाकडी पट्टी आणि सतरा वर्षांच्या रोजनिश्या. शिक्का आणि पट्टी माझ्या जागी जी व्यक्ती येईल तिला द्यावी. रोजनिश्या जाळाव्यात, फक्त यंदाची ठेवावी.

पट्टीविषयी थोडे लिहिणे भाग आहे. सिनेटर ऑरिन केटलसन रोज सकाळी आठ वाजता माझ्या खोलीत येत, राय धान्याचा भाजलेला पाव खिशातून काढत आणि ही पट्टी ओळीखाली धरून आदल्या दिवसाचे कार्यवृत्त पहिल्या शब्दापासून वाचत. मग दहा वाजता सभागृहात उठून एवढेच म्हणत, "अध्यक्षमहाराज, कार्यवृत्ताचं वाचन झालं असं मानावं." अध्यक्ष विचारत, "कोणाची हरकत?" कोणाची नसे आणि कार्यवृत्त मंजूर होई. मंजूर झाले की त्यात लिहिलेले ते घडलेले, असा आमचा नियम आहे. एकटे केटलसन वाचत, म्हणून उरलेल्या चाळीस जणांना वाचावे लागत नसे. वर्तमानपत्रांनी त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची भाषणे शोधली, तर हाती फारसे काही लागले नाही. त्यांचे काम हे होते.

"पान चार, सातवी ओळ," ते म्हणत. "मी हसलो असं कुणी सांगितलं?"

"सगळेच हसले होते, साहेब."

"मी खोकलो होतो, वर्ना. विरोधी पक्षाच्या विनोदाला मी हसलो हे माझ्या नातवांनी वाचायचं का?"

मी खोडून 'खोकला' लिहीत असे. सतरा वर्षांत त्यांनी दाखवलेली एकही चूक खोटी निघाली नाही.

कलम ५. हे कलम मी शपथेवर लिहिते.

क्लिअर हिल येथे पूर्वी राज्याचे मनोरुग्णालय होते. त्यामागच्या उतारावर चारशे बारा थडगी आहेत आणि त्यांवर नावे नाहीत, लोखंडी पट्ट्यांवर क्रमांक आहेत. नावांची नोंदवही राज्याच्या अभिलेखागारात मोहोरबंद होती. ती खुली करावी आणि प्रत्येक क्रमांकाला नाव द्यावे, असे विधेयक केटलसन यांनी चार वेळा आणले आणि चारही वेळा ते पडले. पाचव्या वेळी ते आणले आणि नऊ मार्च रोजी, रविवारी, केटलसन घरी झोपेतच गेले.

आमच्याकडे सदस्य वारला की पहिल्या बैठकीत त्याचे नाव एकदा पुकारतात, शेजारच्या खुर्चीतला सदस्य उभा राहून "रजा मंजूर" म्हणतो आणि त्यानंतर ते नाव पुकारायचे नसते. मी दहा मार्चला ते पुकारले. हजेरीच्या यादीतून नाव काढले. मतदानाच्या यादीवर काळी पट्टी चिकटवली.

दोन एप्रिलला हे विधेयक अंतिम मताला आले. मतदानाची यादी मी बघत नाही. एक्केचाळीस नावे मला पाढ्यांसारखी पाठ आहेत, आणि पाढ्यात मधला आकडा गाळता येत नाही. मी "जेसप" म्हटले, "नाही" आले. मी "केटलसन" म्हटले.

"हो" आले.

मी "लँगफर्ड" म्हटले आणि पुढे गेले. अध्यक्षांनी निकाल वाचला: अनुकूल एकवीस, प्रतिकूल वीस, विधेयक संमत. एकूण एक्केचाळीस. एक खुर्ची रिकामी असलेल्या सभागृहात हा आकडा कोणालाही खटकला नाही. मलाही नाही.

बाहेर पडताना आमचा द्वारपाल कॅल्विन स्टूड हसत म्हणाला, "वर्नाबाई, म्हाताऱ्याचा घसा आज चांगलाच मोकळा होता की!"

"कोणाचा?"

"केटलसनसाहेबांचा, आणखी कु..." त्याचा हात दाराच्या पितळी मुठीवर तसाच राहिला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे लिहू नका हं कुठं."

टंकलेखन करताना मी मते मोजली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. खरी मते वीस विरुद्ध वीस होती आणि समान मतांवर विधेयक पडते. तो "हो" कुठून आला, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. तो केटलसन यांच्या बाविसाव्या खुर्चीच्या बाजूने आला, थोडा नाकातून, जसा त्यांचा येई. तो माझ्या तोंडून आला असेल, हेही मला नाकारता येत नाही, कारण तसे होण्याला कारण होते.

माझ्या आजीची बहीण क्लिअर हिलमध्ये आहे. १९३१ साली, बाळंतपणानंतर आठ दिवस ती एक शब्द बोलली नाही, म्हणून तिला नेले. १९३८ साली एक कार्ड आले: "क्रमांक ३१८ मरण पावला." आजीने तिचे नाव पुन्हा उच्चारले नाही आणि शेवटी स्वतःबरोबर नेले. आई तिला तीनशेअठरा मावशी म्हणे. चेष्टा म्हणून नव्हे. दुसरे नाव तिला ठाऊकच नव्हते. हे मी केटलसन यांना कधी सांगितले नाही. लेखनिकाला विधेयकात हितसंबंध असू नये.

कलम ६. सिनेटर वेंडल प्रू यांना माझा वाचनाचा चष्मा. केटलसन यांच्यामागे रोज सकाळी उठून "वाचन झालं असं मानावं" म्हणण्याचे काम त्यांनी मागून घेतले. तीन एप्रिलला सकाळी आठ वाजता मी ते एकविसावे मत असलेले कार्यवृत्त पुढ्यात ठेवून त्यांची वाट पाहिली. ते दहाला पाच मिनिटे असताना कॉफीचा पेला घेऊन आले.

"साहेब, एकदा नजर टाकता का?"

"तुम्ही लिहिलंय ना, वर्ना? मग झालं. तुमच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?"

ते उठले, बोलले. "कोणाची हरकत?" असे अध्यक्षांनी विचारले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले, किंवा मला तसे वाटले. मला सभागृहात बोलण्याचा अधिकार नाही, पण सचिवांच्या हाती चिठ्ठी देण्याचा आहे. मी दिली नाही. चष्मा प्रू यांना देण्यात टोमणा आहे हे मान्य. पण दोष वाटायचा झाला तर त्यांचा वाटा लहान आहे.

कलम ७. अकरा एप्रिलला राज्यपालांची सही होऊन कायदा लगेच लागू झाला. बारा एप्रिलपासून पाच शनिवार मी अभिलेखागारात बसून नावे उतरवून घेतली. ३१८ आधी उघडायचे नाही, पहिल्या क्रमांकापासून ओळीने जायचे, असे मी ठरवले होते. खोट्या मताने उघडलेले दार मी माझ्या घरच्यासाठी वापरले असे होऊ नये म्हणून.

पुकारल्याशिवाय नाव लिहिण्याची माझ्या हाताला सवय नाही. पहिले दोन शनिवार मी पुटपुटत होते, काही झाले नाही. तिसऱ्या शनिवारी मी म्हटले, "हॅटी ब्रॉन्सन," क्रमांक १४०.

"हो."

पलीकडच्या टेबलावरून अभिलेखपाल इर्मा पोमरॉय म्हणाल्या, "मला हाक मारलीस का गं?"

"नाही."

"मग 'हो' कोण म्हणालं?"

इर्माबाईंनी स्वेटर चढवला आणि हीटर वाढवला. मी मनातल्या मनात वाचून पाहिले, पण पेन चालेना. नाव पुकारले की चाले. त्यानंतर प्रत्येक नावाला उत्तर आले. कधी बाईचे, कधी पुरुषाचे, काही फार लहान वयाची. रागाचे एकही नव्हते. वर्गात बराच वेळ नाव न आलेले मूल जसे घाईने बोलते, तशी ती होती.

२९७ पर्यंत मी आले आहे. काल सहावा शनिवार होता. मी गेले नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती हे खरे, आणि ते कारण नव्हते हेही खरे. ३१८ पुकारल्यावर उत्तर आले तर काय, आणि सगळ्यांमध्ये तिचेच आले नाही तर काय, यातल्या कशाला मी जास्त भ्यायले ते मला कळलेले नाही.

कलम ३ मधला दगड तिचा. त्याच्यावर क्रमांक नको.

कलम ८. बंद पाकिटात माझी सही केलेली दुरुस्तीची चिठ्ठी आहे: "दोन एप्रिलच्या मतदानात ऑरिन केटलसन, मृत, यांचे मत नोंदले गेले, ते वगळावे." अधिवेशन गुरुवारी, बावीस तारखेला दुपारी संपते. त्यानंतर कार्यवृत्त कोणालाही, न्यायालयालासुद्धा, बदलता येत नाही. थिया, मी जिवंत असले, नसले किंवा बेशुद्ध असले तरी, गुरुवारी सकाळी दहाच्या आत ही चिठ्ठी सिनेटच्या सचिवांच्या हातात दे. कायदा पडेल. वही पुन्हा मोहोरबंद होईल. दगड बसवू देतील का, मला माहीत नाही. तरी दे. केटलसन यांनी ही चूक पट्टी धरून दाखवली असती, मत त्यांचे स्वतःचे असले तरी.

पण सोमवार, मंगळवार आणि बुधवार वही खुली आहे. एकशे पंधरा नावे उरली आहेत. तेवढी उतरवून घे. कायदा असताना उतरवलेले नाव कायदा गेल्यावर परत मागता येत नाही, असे इर्माबाई म्हणतात. सगळी यादी गावच्या ग्रंथालयाला दे. खरे सांगायला मी आणखी तीन दिवस लावते आहे आणि ते माझ्या सोयीचे आहेत. हे बरोबर आहे असे मी म्हणत नाही. हा विलंब माझा, तुझा नाही.

नावे मोठ्याने पुकार, नाहीतर पेन चालणार नाही. घाबरू नकोस, इर्माबाई शेजारी बसतील. एकविसावे नाव तिचे येईल. तेही इतरांसारखेच पुकार, नुसते नाव. मावशी वगैरे म्हणू नकोस, तिला ते कळायचे नाही. ती बोलली तर लिहून घेऊ नकोस. सतरा वर्षांत मी हे कोणालाही सांगितलेले नाही. लिहून घेऊ नकोस. तिचे बोलणे संपेपर्यंत थांब, आणि मगच ३१९ वर जा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही केली. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून कॅल्विनच्या वाट्याला काही नाही. त्याने कुरकुर केली, ती इथे नोंदवते.

(सही) वर्ना कोस्टेल्निक

आम्ही दोघांनी एकमेकांसमक्ष व लिहिणारीच्या समक्ष सह्या केल्या.
१. इर्मा पोमरॉय, अभिलेखपाल. सोमवारी नऊला दार मी स्वतः उघडीन.
२. कॅल्विन स्टूड, द्वारपाल. मी जे ऐकले ते ऐकले.

फोर्ट अ‍ॅन्सली, रविवार, १८ मे २०१४