‘बोडीकाठ’ गटातील बायांची नावे न देण्याबाबत

प्रति,
माननीय ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, बेलाटोली,
जिल्हा गोंदिया.

विषय : जप्त मोबाईल आजच परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या ठाण्याची मला मिळालेली नोटीस.

महोदय,

मी रुख्मा परसराम लंजे, वय ७६, धंदा शेती. ‘बोडीकाठ’ हा बायांचा मोबाईलवरचा गट मी चालवते, म्हणून मीच अर्ज करते.

१. शेताला पाणी देणाऱ्या लहान तलावाला आमच्याकडे बोडी म्हणतात. आमच्या बोडीची पाळ फोडून धानाला पाणी सोडायचे होते. पाणी उतरले की मासोळी मिळते, आणि पुरुष मंडळी आली की ती त्यांच्याच पिशवीत जाते. म्हणून प्रेमिलाने गटात लिहिले, “उद्या बोडी फोडाची हाय. फावडे आना. मानसायले सांगू नोका.” ती इंग्रजी अक्षरांत लिहिते. तिच्या मोबाईलने स्वतःच्या अकलेने बोडीचे ‘बॉडी’ केले. त्याच दिवशी तो मोबाईल कुडवा गावी दुरुस्तीला गेला. दुकानदाराने निरोप वाचला आणि आपल्याला कळवले.

२. आपले उपनिरीक्षक साहेब नुकतेच बदलून आलेले. गट मी चालवते म्हणून त्यांनी माझा मोबाईल जप्त केला आणि विचारले, “आजी, बॉडी कुठे पुरली?” मी म्हटले, “पुरली नाही जी बापू, माह्या आजेसासऱ्यानं खोदली.” त्यावर ते आणखीच गंभीर झाले. शेवटी हवालदार नंदलाल, जे इथलेच आहेत, त्यांनी साहेबांना पाळीवर नेऊन पाणी दाखवले. आम्ही देऊ केलेली मासोळी साहेबांनी घेतली नाही, हेही मुद्दाम नमूद करते.

३. तरी माझा मोबाईल ठाण्यातच राहिला. आता हरकत अशी की, आमचे निरोप एका दिवसात आपोआप मिटतात, आणि बाया तिथे खऱ्या नावाऐवजी लुचई, चिन्नोर, हिरानक्की अशी धानाची नावे लावतात. म्हणून सगळ्यांची खरी नावे द्यावीत, नाहीतर दहशतवादविरोधी कायद्याखाली चौकशी होईल. साहेब म्हणाले, “लपवायचं काही नाही, तर मिटवता कशाला?” मी म्हटले, “ठेवू तरी कायले? सून वाचते.”

४. मी लग्न होऊन आले तेव्हा बाया बोडीच्या काठावर धुणे धुवायच्या. मनातले सारे तिथेच निघायचे. कोणी बैल धुवायला आला की शांतीबाई मोठ्याने खोकायची, की आम्ही लगेच वांग्याच्या भाजीवर यायचो. पुढे जंगलातल्या नक्षल्यांच्या दलमच्या शोधात पोलीस गावात यायचे, चहा प्यायचे. पण मागच्या आठवड्यात धुताना काय बोललीस ते लिहून दे, असे शांतीबाईला कोणी म्हटले नाही. आता घरोघरी नळ आले, काठ ओस पडला. माझी नातसून गुंजन हिने तोच काठ मोबाईलमध्ये बसवून दिला.

५. कायदा नको असे माझे म्हणणे नाही. दलमच्या भीतीने दाराला आडणा लावून झोपलेली मी बाई आहे. बॉम्ब ठेवणाऱ्याला जरूर धरावे. पण आमच्यातल्या एकीने छातीतली गाठ फक्त आम्हाला आणि डॉक्टरला सांगितली आहे. नाव झाकलेले होते म्हणून ती बोलली. तिचा तपासणीचा निकाल आला असेल, आणि तो ती मलाच कळवणार होती. तिच्या घरी जाऊन विचारावे, तर घरच्यांना काहीच माहीत नाही. ती तिकडे एकटी आहे, आणि मोबाईल आपल्या कपाटात.

६. सबब प्रेमिलाचे आपल्याला आधीच कळले तेवढे सोडून बाकी नावे मी देणार नाही. यात उद्धटपणा समजू नये. काही बाया आपल्याच ठाण्यातील कर्मचाऱ्यांच्या घरच्या आहेत. कोणाच्या, तेही सांगणार नाही. कागदावर एखादे नाव लागतच असेल तर माझे लिहावे. मला आत बसवायचे ठरल्यास चार्जर मी घेऊन येते, पण मोबाईल माझ्याजवळ राहू द्यावा. तिचे आणि माझे बोलून झाले की तो मी स्वतः आपल्या टेबलावर आणून ठेवीन.

ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून आहे. उत्तर तिथेच द्यावे.

आपली नम्र,
रुख्मा परसराम लंजे
(सही)

बेलाटोली, दि. ६ ऑक्टोबर २०२५
सोबत : नोटिशीची प्रत