निवळण्याचा अंश

हाले, १४ नोव्हेंबर १९७६

प्रिय फोल्कर,

नाउम्बुर्गला आईच्या अंगणातली पानं गोळा करतोस असं कळलं. डॉक्टरेट झालेल्या माणसाला झेपेल असं काम आहे, नेटाने कर. इथे प्रयोगशाळेत तुझ्या खुर्चीवर आता एक पाहुणे बसतात. राखाडी कोट. नाव सांगत नाहीत, आणि विचारण्याची आम्हाला हौस नाही. पहिल्याच दिवशी सूक्ष्मदर्शकात डोकावून म्हणाले, "हे काय, दूध?" म्हटलं, "दूधच. गाय कुठली ते विचारू नका." हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

मग त्यांना द्रवस्फटिक समजावून दिला, दर ऑक्टोबरात नव्या पोरांना देते तसा. हा गढूळ द्रव तापवला की एका ठरावीक अंशाला पाण्यासारखा निवळतो. शुद्ध असेल तर झटक्यात, पडदा ओढावा तसा. भेसळ असेल तर चार-पाच अंश आधीच चुळबुळ सुरू: इथे निवळलेलं, तिथे गढूळ, आणि दोन्ही एकमेकांवर नजर ठेवून. "भेसळ किती लागते?" त्यांनी विचारलं. शंभरात एखादा भागही पुरतो, म्हटलं. "माणसांतही तेवढीच लागते," असं म्हणून ते पहिल्यांदा हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं.

तुझ्यावरचा आरोप तुला माहीत आहे, पण त्याची शिवण किती सुबक आहे ते ऐक. जुलैच्या उन्हात, आपला द्रव भरलेल्या कारखान्याच्या नव्या कॅल्क्युलेटरांवरचे आकडे खिडकीशी ठेवताच पुसले गेले. कारखान्याने त्या द्रवाची काचेची कुपी परत पाठवली. तपासली तर एकेचाळीसला निवळायला लागते आणि चव्वेचाळीसला संपते. चिठ्ठीवर तुझा आकडा, सेहेचाळीस पूर्णांक आठ. म्हणजे आकडा खोटा. त्यात तुझी बहीण हानोवरला, सीमेपलीकडे पश्चिम जर्मनीत. म्हणजे खोटा आकडा मुद्दाम. आपल्या साहेबांनी, डॉक्टर किनास्टांनी, माझा जबाब टाइप करूनच आणला. "इर्मट्राउटबाई, फक्त सही. तुमचा फ्लॅट, तुमचं पेन्शन, सगळं जागच्या जागी राहील." गुरुवारी तो समितीपुढे वाचला जाईल. त्यानंतर तुला जिथे नेतील तिथे गोळा करायला पानंही नसतील.

माझा मार्चमधला सत्तेचाळिसावा वाढदिवस आठवतोय? तू आईच्या हातचा खसखशीचा केक आणलास आणि म्हणालास, "आपला पदार्थ सत्तेचाळीसला निवळतो. आजपासून तूही निवळशील, इर्मा." चंबूत कॉफीचं पाणी नेहमीसारखं खळखळत होतं. तू दोन कुप्या भरल्यास. एक स्वतः ज्योतीवर काच वितळवून बंद केलीस, दुसरी मी बंद करावी म्हणून ठेवलीस. आपला नियम असा की जो कुपी बंद करील त्याने अंश पुन्हा मोजायचा. माझ्या हातात काटा होता आणि काट्यावर केक. कुपी त्या उकळत्या पाण्याशेजारी पाऊण तास उघडी राहिली. हा पदार्थ दमट हवा पितो आणि आतून फुटतो, हे वीस वर्षं मीच शिकवतेय. शेवटी कुपी बंद केली, आणि मोजायचं सोडून तुझ्या वहीतला आकडा चिठ्ठीवर उतरवून ती कारखान्याला धाडली.

हे मला जुलैतच कळलं होतं. गप्प राहिले. फ्लॅट छान आहे, फोल्कर, दुपारभर ऊन येतं.

परवा तुझ्या हातच्या कुपीतला एक थेंब काढला आणि ती पुन्हा बंद केली. थेंब सेहेचाळीस पूर्णांक आठला निवळला, दोन दशांशांच्या आत. तशीच किनास्टांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला कॉफी ओतून दिली. "तुम्ही दमलात बाई. असलं तोंडाने बोलू नये, आणि कागदावर तर नाहीच." पाहुणे कोपऱ्यात बसले होते. त्यांची वही मिटलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

तुझी चार पत्रं आली. चारही पाकिटांचे ओठ सुरकुतलेले, कारण पाहुण्यांची माणसं ती वाफेवर उघडतात. इथे आपण सांगितलेलं कुणी लिहून घेत नाही. पण चोरून वाचलेलं एक अक्षरही कुणी टाकून देत नाही. नक्कल होते, क्रमांक पडतो, फायलीला लागतं, आणि त्या क्रमांकाला किनास्टही हात लावू शकत नाहीत. म्हणून हे पत्र कुणाच्या हाती न देता टपालात टाकतेय. आधी ते वाचतील, मग उरलं तर तू. वाचणाऱ्यांनो, कुपी मी बिघडवली, याने नाही. चांगली कुपी कुठे आहे ते लिहीत नाही; ते विचारायला तुम्हाला माझ्या दारात यावं लागेल, आणि गुरुवारच्या आत. कॉफीचं पाणी ठेवलेलं असेल. आणि फोल्कर, तू म्हणाला होतास तशी निवळले रे. आठ महिने रेंगाळले, एवढंच. भेसळ होती.

उशिरा का होईना, तुझीच
इर्मट्राउट