तिने उसवलेले टाके

बाबा, आमच्या कंपनीतली जपानी नर्तिका गेल्या महिन्यात निवृत्त झाली. तू म्हणशील, नाचणाऱ्यांची कसली कंपनी! असते. परदेशातल्या एका मोठ्या बॅले कंपनीत मी नर्तकांचे कपडे शिवते. ही नोकरी लागायच्या आधीच तू गेलास. ही बाई सतराव्या वर्षी तिथे आली. आठ वर्षं मागच्या रांगेत नाचली, मग हळूहळू पुढे सरकत मुख्य नर्तिका झाली. एवढं नाव झालं, तरी चवड्यांवर उभं राहायच्या त्या कडक बुटांना फिती मात्र स्वतःच शिवायची. तुझ्यासारखीच खडूस.

शेवटच्या प्रयोगाआधी तिच्या एका बुटाची फीत सुटत आलेली मला दिसली. म्हटलं, आज तरी तिला त्रास नको. न विचारता चार घट्ट टाके घातले. ती आली, बोटाने चाचपलं आणि कात्रीने सगळे उसवून टाकले. मला रडूच आलं. मान वर न करता ती म्हणाली, "पडले तर मी पडणार. टाका माझाच हवा."

आणि मी मनाने थेट आपल्या कामतघरला, कारखान्यात तू कापड विणायचास त्या लूमपाशी. मी दहा वर्षांची, तुझा डबा घेऊन आलेय. तू चहाला गेलायस, लूम बंद आहे, सुताची एक तार तुटलीय. मी गाठ मारते. तू येतोस, बघतोस आणि ती कापतोस. "हात लावायचा न्हाय! ही गाठ फनीत अडकली तर धा तारा तुटतील. शेठ मना बोलेल, तुला न्हाय." सगळा कारखाना बघत होता. त्यानंतर मी तुझा डबा कधीच आणला नाही. शिवणकाम शिकायला मुंबईला निघाले, तेव्हा तुझ्या पायाही पडले नाही. तू दारात उभा होतास. त्याचं आता फार वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी पडद्याआडून मी फक्त तिने पुन्हा स्वतः शिवलेली ती फीत बघत राहिले. ती शेवटपर्यंत सुटली नाही.

आता सुट्टीवर घरी आलेय. समोरचे लूम चालू आहेत. तुझा डबा अजून फळीवर आहे, हे पत्र त्यातच ठेवीन. एक सांगायचं राहिलं. लूमवरची माझी ती गाठ फार मोठी झाली होती, सोडून पुन्हा मारायला हवी होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण तू येताना दिसलास, आणि मला तुझ्याकडून शाबासकी हवी होती.