दोडक्याच्या आळ्यातला उंदीर

रिहे, माघ वद्य षष्ठी, सन १९२४

आईने आज परसातला पाचोळा झाडून दोडक्याची आळी केली. मी दवाखान्यातून आले तेव्हा सहज म्हणाली, "मेला उंदीर घावला. आळ्यातच पुरला, खत व्हईल."

मी तो उकरून पाहिला. मांजराचा दात कुठेच लागलेला नाही. उलटा करून पुन्हा पाहिलं. नाही. रॉकेल ओतून जाळला.

"नर्स झालीस आन् उंदराला भ्यालीस व्हय गं?" आई हसत घोटा खाजवत होती. कंदील खाली धरला. पिसवा चावल्याचे लाल ठिपके.

प्लेगच्या वॉर्डात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी आधी असाच उंदीर मरून पडलेला असे. दात लागलेला असता तर!

गाव माळावर हलवा, असं पाटलांना सांगेन. पण आईला?

"ये जेवाया," ती हाक मारतेय, "सकाळी बिया टोकायच्यात."