सव्वा एकतीस किलो क्ष

चि. प्रेमानंद यास,

अमडापूरहून तुझ्या मोठ्या बहिणीचा, तानुअक्काचा, पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहो, उन्हानं भाजून राह्यलो तेवढं सोड. तुझी तब्येत कशी ते विचारत नाही, कारण ते पुष्पांजलीनं (तुझ्या बायकोनं सांगितलं, तू नाही) मले आधीच सांगितलं. त्याच्यावर खाली लिहिते.

येत्या शनिवारी मळ्यातल्या मारोतीपाशी रोडग्याची पंगत आहे. आपली रेणुका दहावी पास झाली तर रोडगे करीन, असं मी बोलली होती. पोरगी पाच विषयांत निघाली अन् गणितात अडकली. मी मारोतीले म्हटलं, पाच विषयांचे आता घे, सहाव्याचे मागून देते. (देव आहे, समजून घेते. मास्तर असता तर ऐकलं नसतं.) गणिताचा पेपर महिन्याभरानं परत आहे, पण पोरगी पुस्तकाले हात लावत नव्हती. मले गणित येतच नाही, म्हणे. माह्यं डोकं फिरलं. मी म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईनं जन्मभर पंगती उठवल्या, तू एकशे वीस माणसांच्या रोडग्याचा अंदाज तरी काढून दाखव. ती म्हणे, अंदाज नाही, उत्तरच काढते, अन् चुकलं तर परीक्षेले बसत नाही. झालं. माह्याच तोंडानं मी फसली.

मागच्या शनिवारी शेजारच्या पुंजाजीकडे पंगत होती (तू होताच), तिथं ही वही घेऊन दहा माणसांसमोर बसली, कोण किती खाते ते लिहायले. बिचारे लाजून खाऊन राह्यले होते. कोणी दीड, कोणी अडीच, बहुतेक दोन, असे नऊ जणांचे मिळून अठरा झाले. दहावा तू. तुह्ये एकट्याचे बारा. एकूण तीस, भागिले दहा, सरासरी माणशी तीन. मी म्हटलं, बाई, तीन तर कोणीच खाल्ले नाही, मंग हा तीन खाणारा आहे कोण? पोरगी पेन्सिल चावत बसली, अन् थोड्या वेळानं म्हणे, आई, मामानं सरासरी बिघडवली. मंग तिनं तुले बाजूले काढलं. (वाईट वाटून घेऊ नको, गणितातून काढलं, घरातून नाही.) राहिले एकशे एकोणीस, दोन-दोन धरले तर दोनशे अडतीस. त्याच्यात तुह्ये बारा टाकले. अडीचशे.

किलोभर कणकेचे आठ रोडगे होतेत. किलो किती लागन ते माहीत नाही, म्हणून त्याले क्ष म्हणायचं. आठ क्ष बरोबर अडीचशे. इतकी वर्षं मी ज्याले कणिक म्हणत आली त्याले ही क्ष म्हणते, म्हणू दे. आठानं भागलं, सव्वा एकतीस आलं. तीनदा केलं, तीनदा तेच आलं. असं तिच्या जन्मात पहिल्यांदा झालं, प्रेमानंद. चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं अन् येता-जाता पाहून हसते. गहू घेऊन वाहेदभाईच्या चक्कीवर गेली तर तो म्हणे, "भाभी, सव्वा काऊन? बत्तीस करून टाका ना. दळण्यात थोडं उडतेच." मी म्हटलं, "उडालं तर तुमचं उडालं. माह्या पोत्यात सव्वा एकतीस पाहिजे." पावभरासाठी अर्धा घंटा भांडली, पण भरून आणलं. गावातल्या बाया म्हणतेत, तानुबाई तराजू घेऊन पंगत घालून राह्यली. म्हणू दे, त्याहीलेही दोनच वाढते.

तर शनिवारी सकाळच्या एसटीनं ये. फोन केला असता, पण फोन दिवसभर रेणुकाजवळ असते. वाहेदभाई चक्कीचा पट्टा आणाले खामगावले येऊन राह्यला, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते.

तुही अक्का,
तानुबाई

ता.क. आता खरं काम. पुष्पांजली सांगते, सोमवारी तुही साखर तीनशे निघाली अन् डॉक्टरनं दोनाच्या वर रोडगा खायचा नाही म्हटलं. सख्ख्या बहिणीपासून काऊन लपवलं रे? हे रेणुकाले सांगितलं तर ती भिंत पुसन. नाही सांगितलं तर दहा रोडगे उरतेत अन् उत्तर चुकते. म्हणून तू दोन खाय. बाकीचे दहा ताटात घे अन् मांडीजवळच्या पिशवीत टाक. पिशवी मी शिवून ठेवली आहे, वाढाले मीच येते. लोकाले वाटन बारा खाल्ले, तुहीही इज्जत राहीन. फक्त पोरीकडे पाहू नको, तुले खोटं जमत नाही.

दुसरा ता.क. दहा किलो कणिक समोरच्या कौशल्याबाईच्या घरी जास्तीची ठेवली आहे. गणितावर माहा भरोसा आहे, लोकाच्या पोटावर नाही. हे रेणुकाले कळलं तर तुलेच धरीन.

तिसरा ता.क. पिशवीतले दहा तू रस्त्यात खाशीन, मी तुले लहानपणापासून ओळखते. पिशवी पुष्पांजलीच्या हातात द्यायची. अन् तोंड पाडू नको. एका पंगतीत बारा खाण्यापेक्षा दोन-दोन सहा पंगतीत खाय. भिंतीवर करून पाहिलं, बाराच येतेत.