लंगडीचं घर आणि बाबांचा चमचा

प्रिय टिल्या,

चाळिशी उलटलेल्या लेकाला टिल्या म्हणू नये हे मला कळतं, पण दुसऱ्या कुठल्याही नावाने माझं पत्र सुरूच होत नाही. परवा फोनवर तू विचारलंस, बाबांची त्या आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेतली जागा नक्की करू ना, आणि मी हो म्हणाले. फोन ठेवल्यापासून माझं तळ्यात-मळ्यात चाललंय. सोमवारी तू त्यांना न्यायला येणार, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. पुन्हा फोन केला असता, पण फोनवर तू घाईत असतोस आणि मी रडते, त्यात मुद्दा राहून जातो.

आधी शाळेचं सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. बालवर्गाचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, म्हणून सध्या माझी पोरं आपल्या व्हरांड्यात भरतात. त्यांच्याबरोबर लंगडीही आली. लंगडी म्हणजे आमच्या वर्गाची कोंबडी, एका पायाने अधू. प्राण्यांना काय लागतं हे मी फळ्यावर लिहून शिकवत नाही, पोरांकडून तिचं घर बांधून घेते. पहिलं घर त्यांनी खोक्याचं केलं. आत उशी, आरसा आणि रंगवलेला टीव्ही, म्हणजे स्वतःला हवं ते सगळं! लंगडी आत गेली आणि उशीवर शिटून बाहेर आली. दुसऱ्या घराला जिना होता, खिडक्या होत्या, दारावर तिचं नावसुद्धा होतं. ती आपली छपरावर जाऊन बसली. मग मी पोरांना म्हटलं, आता हात बांधून लांब बसायचं आणि ती दिवसभर काय करते ते नुसतं बघायचं. पाच वर्षांची पोरं गप्प बसली यावर तुझा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नव्हता. संध्याकाळी तिला उंचावर बसायचं असतं, म्हणून झाडूचा दांडा आडवा बसवला. अंग घोळवायला कोरडी माती लागते, ती घमेल्यात भरून ठेवली. अंडं घालताना कुणी बघितलेलं बाईसाहेबांना खपत नाही, म्हणून गोणपाटाचा पडदा लावला. हे तिसरं घर दिसायला अगदीच गबाळं आहे, पण दिवे लागायच्या आत ती आपण होऊन त्यात शिरते.

व्हरांड्यात बाबांची खुर्चीही असतेच. पहिल्याच दिवशी मी पोरांना सांगितलं, आजोबांना अर्धांगाचा झटका आला होता, त्यांना बोलता येत नाही. वर्गात एक चिमुरडी आहे, फार प्रश्न विचारते म्हणून मी तिला वकीलबाई म्हणते. लंगडीचं घर जमलं तशी ती म्हणाली, आजोबांना पण बोलता येत नाही, मग त्यांना पण बघू या. तेव्हा मी हसले आणि नंतर मला चांगलाच राग आला. माणूस आहे तो, कोंबडी नव्हे! पण पोरांनी माझ्या रागाकडे लक्षच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर बाबांची खुर्ची रस्त्याकडे फिरवलेली. मी ती टीव्ही दिसेल अशी ठेवत होते. पोरांचं म्हणणं, आजोबांची मान सारखी तिकडे वळते. आणि खरंच, कोपऱ्यावर बस वळायला लागली की त्यांचा डावा पाय क्लच दाबतो. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला मी वर्षभर बातम्या दाखवत बसले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

इथवर ठीक होतं. पण काल जेवणाच्या सुट्टीत मी पाणी आणायला आत गेले, तर वकीलबाई मागोमाग स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, बाई, तुम्ही आत आलात ना, की आजोबा आपले आपण जेवतात. मी दाराच्या फटीतून पाहिलं. डाव्या हातात चमचा होता. निम्मं शर्टावर सांडत होतं, पण जेवत होते, वाटी खरवडून जेवत होते. मी बाहेर आले, तशी त्यांनी चमचा खाली ठेवला आणि तोंड उघडलं. मी वकीलबाईला विचारलं, असं का करत असतील गं? ती म्हणाली, तुम्हाला भरवायला आवडतं म्हणून.

टिल्या, माझ्या डोक्याचा भुगा झालाय. त्यांना स्वतःच्या हाताने घासही घेता येत नाही, आता माझ्याच्याने होत नाही, हे तुला मीच सांगितलं होतं. आणि तेच खोटं निघालं. मग त्यांना पाठवायचं कशाला? की मी आसपास नसताना ते जास्त बरे असतात, म्हणून पाठवायचंच? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्री त्यांनाच विचारलं, का हो, असं का करता? ते माझ्याकडे बघून निम्म्या तोंडाने हसले. त्या हसण्याचा अर्थ लावण्यात माझी झोप गेली.

तर सोमवारी येऊ नकोस, शनिवारी ये. व्हरांड्यात कोपऱ्यात बस आणि मी आत असताना बाबा काय करतात ते बघ. मग जागा नक्की करायची तर कर, मी आडवी येणार नाही. पण त्याबरोबर मलाही बघ रे. हे पत्र लिहिलं ते त्यासाठीच. बाबा निभावतील, इथेही आणि तिथेही, हे मला काल कळलं. माझं काय होईल ते मला कळत नाही, आणि त्याची मला फार भीती वाटते. आज दुपारी चमचा त्यांच्या डाव्या हाताशीच ठेवून मी मुद्दाम समोर बसले. बराच वेळ दोघंही तसेच बसून राहिलो. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि मी भरवलं.

तुझीच,
आई