आन्स्गारचा नंबर

सोमवार, ३ जून

पोचलो एकदाचा! बोटीतून उतरलो तर स्कार्ववेरच्या धक्क्यावर अर्धं बेट हजर, म्हणजे सतरा माणसं आणि एक कुत्रा. गावसभेच्या अध्यक्ष गुडनीबाई सत्तरीच्या पुढच्या, पण आवाज असा की समोरच्या बेटावर ऐकू जावा. त्यांनी हातात गरम वॅफल कोंबलं, वर तपकिरी चीज, आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं की ट्रॉन्हाइमहून एवढा शिकलेला माणूस आलाय, आता नेटची काळजी मिटली. मिटलीच म्हणा. पंधरा वर्षं मोठमोठ्या इमारतींची नेटवर्कं उभी केलीत मी. इथे काय, तर शाळेच्या माळ्यावर एक जुनाट संगणक, त्याला दोन अँटेना, की झालं बेटाचं वायफाय! आन्स्गार नावाच्या कोळ्याने ते घरच्या घरी जुळवलेलं. गेल्या ऑक्टोबरात तो बोटीसकट, लॅपटॉपसकट बुडाला. काही म्हणता काही सापडलं नाही. आता त्याचं काम माझं आणि घरही माझं. खिडकीसमोर समुद्र, उन्हाळाभर अंधार नाही. झकास जागा आहे.

शनिवारी चारला तूव्हाशी व्हिडिओवर बोलायचं. आठवड्यातला तेवढा एकच तास माझा. वेगळं होताना सिसेलने लिहूनच घेतलंय, लागोपाठ दोन शनिवार चुकले तर पुढचं बोलणं थेट ऑक्टोबरात. आठ वर्षांच्या पोरीशी बोलायला बापाला करार लागतो. असो.

मंगळवार, ४ जून

कुणाला सांगू नये अशी गोष्ट. माझाच लॅपटॉप जोडला जात नाही.

नेटवर्क दिसतं. पासवर्ड तर दुकानाच्या भिंतीवर चिकटवलाय, बटाट्यांच्या पोत्यांच्या वर. टाकला की क्षणभर जोडतो आणि लगेच बाहेर. बंद करून चालू केलं, नेटवर्क विसरायला लावलं, वायफायचं सॉफ्टवेअर काढून नवं घातलं. ढिम्म. शेवटी माळ्यावर चढलो. तिथल्या पडद्यावर ये-जा करणाऱ्या यंत्रांची नोंद सरकत असते. माझ्या नंबरापुढे लिहिलेलं: परवानगी नाही.

म्हणजे या महाशयांनी यादी करून ठेवली होती. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक नंबर मिळतो. ज्याचा नंबर यादीत तोच आत, बाकीचे बाहेर. यादीची नक्कल चौकटीच्या वहीत, शाळकरी पोराच्या अक्षरात. पहिली ओळ: आन्स्गार, लॅपटॉप. आणि यादीत भर घालायला संगणकात शिरावं, तर त्याचा मुख्य पासवर्ड फक्त आन्स्गारच्या डोक्यात. ते डोकं समुद्राच्या तळाशी. धन्य आहे!

गुरुवार, ६ जून

गुरुवारी दुपारी सगळे शाळेत कॉफीला जमतात. मी सरळ सांगितलं, माळ्यावरचा हा संगणकाचा डबा पुसून कोरा करतो, तासाभरात सगळं नवं बसवून देतो. गुडनीबाई म्हणाल्या, असं एकट्याने काही करायचं नसतं रे, वीस तारखेला दुग्नाद आहे, सगळे मिळून काम करतो तेव्हा बघू. एक बटण दाबायला तीस माणसं आणि सूपचं पातेलं लागतं यांना! तोवर माझा लॅपटॉप वापर, म्हणाल्या, स्वयंपाकघरात बसून पोरीशी बोल खुशाल. नेटवर्कवाला म्हातारीच्या ओट्यावर बसून नेट मागणार? नको म्हटलं.

शनिवार, ८ जून

मोबाइलला रेंज फक्त टेकडीवर. वाऱ्यात उभा राहून फोन लावला. तूव्हाचा चेहरा गोठला, आवाज तुटला, चार मिनिटांत सगळं बंद. सिसेलचा निरोप आला, हा शनिवार चुकलेला धरते, आणखी एक चुकला की ऑक्टोबर. बापाच्या मायेला आता रेंजची अट.

सोमवार, १० जून

झालं काम! माझ्या लॅपटॉपला आन्स्गारचा नंबर दिला. दोन ओळींची आज्ञा. दुसऱ्या कुणाचा घेतला असता तर एकाच नंबराची दोन यंत्रं भांडली असती आणि संगणकाने कधी याला, कधी त्याला हाकललं असतं. बुडालेला माणूस कुठे तक्रार करायला येतोय! क्षणात आत घेतलं. या वेंधळ्यांना कळणारही नाही.

मंगळवार, ११ जून

आज तीनदा बाहेर फेकला गेलो. माळ्यावर जाऊन पाहिलं. एकच नंबर, दोन यंत्रं. एक मी. दुसऱ्याच्या सिग्नलचा आकडा उणे ८८. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकं यंत्र जवळ. उणे ८८ म्हणजे पार लांब, पाण्यात कुठेतरी. कुणीतरी बोटीतून माझी गंमत करतंय. करा लेको.

बुधवार, १२ जून

उणे ७९. पाच वेळा बाहेर.

गुडनीबाईंना विचारलं, कोण खेळ करतंय. त्यांनी आधी विचारलं, तू कुणाचा नंबर घेतलास? सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, अरे, ती ओळ रिकामी नाही. दर गुरुवारी कॉफीच्या वेळेला ती माळ्यावर उमटते, पाच मिनिटं थांबते, जाते. ऑक्टोबरपासून. म्हणून तर तो डबा पुसू देत नाही. आम्हा सगळ्यांना त्याने आत घेतलं, आम्ही त्याला बाहेर कसं काढायचं? मग माझा हात धरून म्हणाल्या, सोड तो नंबर, शनिवारी माझ्याकडे ये.

मी तोंडावर हसलो. सत्तर वर्षं मासे खाऊन मेंदूचं हे होतं.

गुरुवार, १३ जून

उणे ६६. कॉफीला गेलो नाही. खिडकीतून सगळी बेटावरची माणसं शाळेत जाताना दिसली. बोटी सगळ्या धक्क्याला बांधलेल्या. मग पाण्यात कोण आहे?

शुक्रवार, १४ जून

उणे ५१.

लॅपटॉप घेऊन किनाऱ्याने फिरलो. लख्ख ऊन. धक्क्याच्या टोकाला आकडा सगळ्यात जवळ. तिथे कुणी नाही. खाली हिरवं, स्वच्छ पाणी. वाकून बघायचा धीर झाला नाही. मूर्खपणा. नंबर सोडणार नाही, उद्या शनिवार आहे.

शनिवार, १५ जून

चाराला दहा मिनिटं असताना बाहेर फेकला गेलो. पुन्हा जोडला — बाहेर. जोडला — बाहेर. चार वाजले. सव्वाचार. साडेचार. रडकुंडीला आलो. पळत गुडनीबाईंकडे. त्या गोठ्यात होत्या, त्यांना शोधून लॅपटॉप उघडेपर्यंत पाच वाजून गेले.

सिसेलने उचललं. हसत होती. म्हणाली, आता काय राहिलं? तासभर तर बोललात. म्हणाली, आज कधी नव्हे ते तू नुसतं ऐकलंस, मध्ये तोडलं नाहीस, कुणाची टिंगल नाही की टोमणा नाही. पोहायला गेला होतास का, केस ओले होते.

मागून तूव्हा ओरडली, बाबा, मी बुधवारच्या बोटीने येते! तूच म्हणालास ना ये म्हणून!

सिसेलने परवानगी दिलीय. माझ्या — त्याच्या — बोलण्यावर.

मी नाही, तो मी नव्हतो, असं ओरडलो. तोवर चित्र गोठलं होतं.

रविवार, १६ जून

नंबर सोडला. माझा स्वतःचा परत घेतला. माळ्यावर गेलो. आन्स्गारची ओळ गप्प आहे. खाली माझा नंबर. माझा. त्यापुढे: परवानगी आहे, जोडलेला. उणे ३०.

माझा लॅपटॉप बंद होता. माझ्या काखेत.

सोमवार, १७ जून

टेकडीवरून सिसेलला फोन. तिने विचारलं, कोण बोलतंय? हालवार, म्हटलं. ती चिडली. म्हणाली, हालवार आत्ता समोर व्हिडिओवर आहे, तूव्हाची बॅग भरायला सांगतोय, असली थट्टा करू नका.

पुन्हा लावला. उचलत नाही.

मंगळवार, १८ जून

गुडनीबाईंचं दार वाजवलं. म्हटलं, चुकलो, पाया पडतो, काय करू सांगा. त्या दारातच उभ्या. फार गोड बोलल्या. तुम्ही कुठल्या बोटीने आलात? राहायची सोय झाली का? हालवारला विचारा, आमचा नेटवाला, भला माणूस आहे —

भला माणूस.

माझ्या घराला कुणीतरी आतून कडी लावलीय.

बुधवार, १९ जून

धक्क्यावर. बोट दिसतेय. तिला उतरू देणार नाही. धक्क्यावर दोर धरून उभ्या माणसाला सांगितलं, त्याने मला बाजूला केलं, यादीतले प्रवासीच फक्त —

लागली. लाल टोपी. तीच.

तूव्हा म्हणून हाक मारली. माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं. नमस्कार केला. पुढे पळाली. त्याने तिला उचललंय, त्याच्या बाह्यांतून पाणी गळतंय, तिचा फ्रॉक भिजला, तिला काही नाही, ती हसतेय — इतकं मनापासून हसताना मी तिला कधी